पाय चालतील, सोबत हवी

आमच्या गल्लीतल्या आजी रोज काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जातात आणि माघारी वळतात. पुढे फूटपाथवर दुचाक्या, उखडलेल्या फरश्या. टेकायला बाकही नाही. दुखऱ्या गुडघ्यांपेक्षा पडण्याची भीती त्यांना जास्त अडवते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ज्येष्ठांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवले. पण नुसत्या सल्ल्याने पाऊल उचलत नाही. सत्तरी ओलांडलेले वारकरी आळंदीहून पंढरपूर गाठतात, कारण दिंडीची सोबत असते, वाटेत विसावा असतो.

तोच विसावा शहरातल्या रस्त्यांवर हवा. आणि वाचकहो, घरातल्या थोरांना ‘जरा फिरून या’ म्हणू नका. ‘चला, आपण फिरून येऊ’ म्हणा.