चूक दुरुस्त करण्याचा हक्क कोणाचा?

५ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात एका दलाली पेढीकडून विक्रीचे ५९ चुकीचे आदेश संगणकात गेले. त्यांची रक्कम साडेसहाशे कोटी रुपयांहून अधिक होती. क्षणार्धात निफ्टी निर्देशांक पंधरा टक्क्यांहून अधिक कोसळला आणि व्यवहार काही काळ थांबवावे लागले. हे सौदे रद्द करावेत, ही पेढीची विनंती बाजाराने फेटाळली. ज्याने चूक केली त्याने ती निस्तरावी, हा न्याय कठोर खरा. पण तो सरळ होता.

अमेरिकेत ६ मे २०१० रोजी वेगळे घडले. त्या दुपारी बाजार अचानक गडगडला. नामांकित कंपन्यांचे शेअर एका सेंटला विकले गेले. सायंकाळपर्यंत वीस हजारांहून अधिक सौदे रद्द झाले. निकष असा की, कोसळण्यापूर्वीच्या भावापासून साठ टक्के वा अधिक दूर गेलेले सौदे रद्द, बाकीचे कायम! ही रेषा सौदे होऊन गेल्यावर आखली गेली. ज्याचा शेअर पासष्ट टक्के खाली विकला गेला तो वाचला; ज्याचा पंचावन्न टक्के खाली गेला तो बुडाला. खेळ संपल्यावर ठरवलेल्या नियमाला न्याय कसे म्हणावे?

मग नियम आधीच लिहून ठेवावेत, हे ओघानेच आले. आपल्याकडे सेबीने २०१५ साली तसे धोरण जाहीर केले. बाजाराने स्वतःहून किंवा दलालाच्या अर्जावरून चुकीचे सौदे रद्द करावेत. अर्ज सौद्यानंतर तीस मिनिटांत, अपवाद म्हणून साठ मिनिटांत यावा, असे त्यात म्हटले आहे. येथवर स्वागतच केले पाहिजे. परंतु अर्जाचे शुल्क पाहा: सौद्याच्या रकमेच्या पाच टक्के, मात्र किमान एक लाख आणि कमाल दहा लाख रुपये.

या हिशेबाचा अर्थ काय? वीस हजारांचा सौदा चुकला, तर पाच टक्क्यांनी शुल्क हजार रुपये व्हावे; किमान मर्यादेमुळे ते लाख होते, म्हणजे सौद्याच्या पाचपट! उलट शंभर कोटींच्या सौद्याला पाच टक्क्यांनी पाच कोटी पडावेत, तेथे दहा लाखांत काम भागते. म्हणजे धाकट्याला दार बंद आणि थोरल्याला सवलत.

ऊठसूट अर्ज येऊ नयेत, समोरच्या प्रामाणिक खरेदीदाराचे नुकसान होऊ नये, म्हणून शुल्क हवे, हे मान्य. पण ते सौद्याच्या प्रमाणात का असू नये? किमान मर्यादा हटवावी, कमाल मर्यादा उठवावी आणि सामान्य गुंतवणूकदाराला दलालावाचूनही दाद मागता यावी.

माणूस लहान असो वा मोठा, चूक कोणाच्याही हातून होते. ती सुधारण्याची संधी मात्र ऐपत पाहून मिळत असेल, तर त्या व्यवस्थेला नियम आहेत, न्याय नाही, असेच म्हणावे लागेल.