रडगाणे नको, खंजिरी हवी

अमेरिकेतील पिक्सार या संस्थेचा 'कार्स' हा सचेतपट २००६ साली प्रदर्शित झाला. बोलक्या मोटारगाड्यांची ही कथा मुलांसाठी असली, तरी तिच्या मध्यभागी मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी आणणारे एक गीत आहे. रँडी न्यूमन यांनी रचलेल्या आणि जेम्स टेलर यांनी गायलेल्या या गीताचे नाव 'अवर टाऊन', म्हणजे 'आपले गाव'. जुन्या 'रूट ६६' रस्त्यावरचे एक गजबजलेले गाव, बाजूने गेलेला नवा द्रुतगती महामार्ग, प्रवाशांची वाचलेली काही मिनिटे आणि एकेक करून विझत गेलेली दुकाने, एवढाच त्याचा विषय. हे गीत ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचले. पुण्या-नागपूरच्या सुखवस्तू घरांतील मुलांनीही ते पाहिले, ऐकले आणि त्या काल्पनिक 'रेडिएटर स्प्रिंग्ज'साठी हळहळली.

हळहळण्यात दोष नाही. प्रश्न एवढाच की, त्या मुलांना आर्वी ठाऊक आहे काय?

वर्धा जिल्ह्यातील आर्वी हा कापसाचा, संत्र्यांचा आणि गवळाऊ गाई-बैलांचा मुलूख. तेथील कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत नेण्यासाठी १९१७ मध्ये पुलगाव ते आर्वी असा सुमारे ३५ किलोमीटरचा अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाला. तो उभारणारी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी ही किलिक-निक्सन या ब्रिटिश पेढीचे अपत्य. विदर्भाच्या मातीतले पांढरे सोने मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचविणे, हा त्या काळच्या अशा मार्गांमागील उघड हेतू होता. तरीही लोकांनी ती गाडी आपली मानली. याच कंपनीच्या यवतमाळ मार्गावरील गाडीला वऱ्हाडाने 'शकुंतला' असे लाडके नाव दिले आणि तेच नाव आर्वीच्या गाडीलाही चिकटले. बाजाराला जाणारा शेतकरी, परीक्षेला निघालेला विद्यार्थी, माहेरी येणारी लेक, साऱ्यांचा भार या छोट्या गाडीने वाहिला. आज त्या मार्गावरून गाडी जात नाही.

येथे अमेरिकी गीत आणि आपले वास्तव यांतील भेद ध्यानात घ्यावा लागेल. त्या गीतात दोषी कोणीच नाही. काळ आला, रस्ता बदलला, गाव ओसरले, एवढेच ते सांगते. म्हणूनच ते ऐकताना बरे वाटते. आर्वीचा मार्ग मात्र काळाने नव्हे, अनास्थेने मारला. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. पण या मार्गांची मालकी कंपनीकडेच राहिली. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची! मालकाने पैसा घालायचा नाही, कारण गाड्या सरकार चालविते. सरकारने घालायचा नाही, कारण मार्ग आपला नाही. परकीय सत्तेच्या काळातील व्यवस्था स्वराज्यात दशकानुदशके तशीच चालू ठेवायची, मग एक दिवस 'मार्ग तोट्यात आहे' असे जाहीर करायचे, याला नियती म्हणत नाहीत.

काही विद्वान सांगतात की छोटी गावे ओसरणारच, माणसे शहरांकडे जाणारच आणि त्यातच प्रगती आहे. गाव म्हणजे अज्ञानाचे आणि जातीपातींचे डबके, अशीही जोड काही तथाकथित पुरोगामी देतात. गावगाड्यात दोष होते, हे नाकारण्याचे कारण नाही. अस्पृश्यतेचा कलंक गावांनीच जोपासला. पण त्या कलंकावर घणाघात करणारा आवाजही याच मातीतून उठला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ साली 'ग्रामगीता' दिली, ती गावे सोडून जाण्यासाठी नव्हे, गाव शुद्ध करून उभे करण्यासाठी!

दुसरा वर्ग अधिक जवळचा, म्हणून त्याला अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. हा वर्ग गाव सोडून गेला आहे आणि गावाच्या आठवणींनी गहिवरतो. वाडा विकून झाला, शेती बटाईने दिली, गणपतीला जाणे थांबले. तरी जुन्या स्थानकाचे छायाचित्र पाहिले की त्याचा कंठ दाटून येतो. ही ओढ खोटी नाही, परंतु ती फुकट आहे. जो राहिला त्याला गाडी हवी आहे, दवाखाना हवा आहे, मुलाला काम हवे आहे. जो गेला त्याला फक्त आठवण हवी आहे.

ज्या अमेरिकेचे हे गाणे, तेथील लोकांनी मात्र केवळ गाण्यावर समाधान मानले नाही. ॲरिझोनातील सेलिगमन हे गाव १९७८ मध्ये नव्या महामार्गामुळे बाजूला पडले. तेथील केशकर्तनकार एंजल डेलगाडिलो यांनी १९८७ मध्ये गावकऱ्यांना एकत्र करून जुना मार्ग ऐतिहासिक म्हणून जपण्यासाठी संघटना उभारली. राज्य शासनाला ते मानावे लागले, प्रवासी परतले आणि गाव जगले. 'कार्स'च्या कथेमागे अशाच गावांची प्रेरणा होती. आधी माणसे उभी राहिली, चित्रपट त्यानंतर आला.

आपल्याकडील सचेतपटांची वाटचालही येथे तपासण्याजोगी आहे. २००५ च्या 'हनुमान'पासून २०२५ च्या 'महावतार नरसिंह'पर्यंत या माध्यमाने आपली दैवते मुलांपर्यंत नेली, हे मोठे कार्य आहे. 'छोटा भीम'चे ढोलकपूरही घराघरांत पोहोचले. परंतु ढोलकपूर नकाशावर नाही, आर्वी आहे. एखाद्या खऱ्या गावाचे सुखदुःख मुलांसमोर मांडणारा आणि त्याच्या बोलीत गाणारा सचेतपट मराठीत का होऊ नये? गाण्याची परंपरा तर वर्ध्याच्या मातीत आहेच. तुकडोजींच्या खंजिरीवरील भजनांनी गावे जागी केली आणि १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरप्रमाणेच वर्धा जिल्ह्यातील आष्टी पेटून उठली. ते गाणे गावासाठी रडत नव्हते, गावाला उभे करीत होते.

छोट्या गावांचे सामर्थ्य वर्ध्याला वेगळे सांगायला नको. १९३४ च्या डिसेंबरात संघाचे शिबिर पाहण्यास महात्मा गांधी येथेच आले. १९३६ च्या विजयादशमीला वंदनीय लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना येथेच केली. त्याच वर्षी शेजारच्या सेवाग्रामात गांधीजींचे वास्तव्य सुरू झाले. राष्ट्राला विचार देण्यासाठी महानगर लागत नाही.

आज याच जिल्ह्यातील सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. हा महामार्ग राष्ट्राच्या सामर्थ्याचे चिन्ह आहे, त्याला विरोध करणे करंटेपणाचे ठरेल. परंतु कुंपणातील हा रस्ता ठरावीक ठिकाणीच उतरू देतो. जे गाव तेथे जोडले जाणार नाही, त्याच्या अंगावरून वेग निघून जाईल. महामार्गालगत नवनगरे वसविण्याची कल्पना मूळ आखणीत होती. ती कागदावर राहता कामा नये. आर्वीची संत्री आणि कापूस यांच्यावर आर्वीतच प्रक्रिया व्हावी. पुलगाव–आर्वी मार्ग रुंदमापी व्हावा, ही मागणी पक्षभेद विसरून लावून धरली पाहिजे.

नानाजी देशमुखांनी सत्तेचे राजकारण सोडले, ते गोंड्याच्या आणि चित्रकूटच्या गावांत जाऊन राबण्यासाठी. प्रत्येकाला तेवढे जमणार नाही. परंतु वर्षातून पंधरा दिवस, गावातील एका शाळेचे दायित्व, एका तरुणाच्या उद्योगाला भांडवल, एवढे शहरातील प्रत्येक कुटुंबाला जमण्यासारखे आहे. ते झाले नाही, तर उद्या आर्वीवरही कोणीतरी सुंदर गीत रचील. ते ऐकायला आर्वीत कोणी उरलेले नसेल.