उत्सर्जन-दुरुस्तीनंतरचे ॲव्हरेज

डिझेल गाडीची उत्सर्जनाशी संबंधित दुरुस्ती झाली की तिचे ॲव्हरेज बदलू शकते. ईजीआर व्हॉल्व्ह बदलणे, ईसीयूमध्ये नवे सॉफ्टवेअर टाकणे, डीपीएफ साफ करणे ही तिन्ही कामे इंधनाच्या हिशेबाला हात घालतात. वागळे इस्टेटपासून डोंबिवली एमआयडीसीपर्यंतच्या गॅरेजवाल्यांची तक्रार सध्या एकच आहे. गाडी नेताना गिऱ्हाईक खूश असते, दुसऱ्या टाकीनंतर परत येते आणि गाडी बिघडवली म्हणून उरलेले पैसे अडवते. आधीचे ॲव्हरेज किती होते, हे विचारले तर त्याच्याकडे आकडा नसतो. गॅरेजकडेही नसतो. वाद तिथेच अडकतो.

बदलाचे कारण ज्वलनातच आहे. ज्वलनाचे तापमान आणि दाब चढला की नॉक्स वाढतो, पण त्याच स्थितीत इंजिन इंधनातून जास्त काम काढते. नॉक्स उतरवायचा तर टायमिंग रिटार्ड करावे लागते किंवा ईजीआर वाढवावा लागतो. दोन्हींत कार्यक्षमता थोडी घटते आणि काजळी वाढते. काजळी डीपीएफमध्ये साठली की ती जाळण्यासाठी पोस्ट इंजेक्शनने जादा डिझेल जाते. युरियावर चालणाऱ्या एससीआर गाड्यांत नॉक्स सायलेन्सरच्या वाटेवर मारला जातो, म्हणून तिथे टायमिंग मोकळे ठेवता येते. म्हणजे बंद पडलेला किंवा पत्रा लावून बंद केलेला ईजीआर पुन्हा चालू केला तर ॲव्हरेज उतरते. उघडा अडकलेला ईजीआर किंवा तुंबलेला डीपीएफ दुरुस्त केला तर ते वाढते. दुरुस्ती कोणती झाली हे सांगितल्याशिवाय ॲव्हरेजबद्दलचे कोणतेही विधान अपुरे आहे.

या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातल्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या गाड्यांचे आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनच्या डिझेल इंजिनांतली सॉफ्टवेअरची फसवणूक उघड झाली. भारतात पुण्याच्या एआरएआयने गाड्या रस्त्यावर तपासल्या, तेव्हा नॉक्स बीएस-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ईए-१८९ इंजिनाच्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. त्यांत फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० होत्या. चाकणहून आलेल्या पोलो, व्हेंटो आणि रॅपिड, शेंद्र्याला जुळलेल्या लॉरा आणि सुपर्ब या सगळ्यांचा त्यात समावेश होता. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये कंपनीला ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. प्रकरण गाजले ते दंडामुळे. अपडेटनंतर गाडी किती डिझेल पिते, हा गाडीवाल्याचा प्रश्न मागे पडला.

कंपनीचे म्हणणे होते की अपडेटने ॲव्हरेजवर परिणाम होत नाही. प्रयोगशाळेतल्या ठरावीक ड्रायव्हिंग सायकलवर ते खरे असू शकते, कारण भारतीय सायकलची कमाल गती ताशी ९० किलोमीटर आहे आणि तिथले भार हलके आहेत. रस्त्यावरची स्थिती वेगळी असते. अमेरिकेत ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २०१५ मध्ये २०११ च्या जेटा डिझेलची चाचणी घेतली. उत्सर्जन नियंत्रण पूर्ण चालू राहील अशी स्थिती आणल्यावर महामार्गावरचे ॲव्हरेज गॅलनला ५० मैलांवरून ४६ वर आले. आपल्या मापात ते साधारण लिटरला २१.३ वरून १९.६, म्हणजे आठ टक्के घट. ते इंजिन आणि भारतातली गाडी तंतोतंत एक नव्हे. पण घट कोणत्या पातळीची असू शकते, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. २० देणारी गाडी १८.५ देऊ लागली तर महिन्याला हजार किलोमीटरमागे चार लिटर जादा लागतात. लिटरला ९० रुपये धरले तर ३६० रुपये. या रकमेसाठी गिऱ्हाईक गॅरेज बदलते आणि ईजीआर बंद करून देणाऱ्याकडे जाते.

इथेच सरकारी तपासणीची मोठी विसंगती समोर येते. डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे स्मोक मीटर. इंजिन गरम करायचे, गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, प्रोबमधून धुराची घनता घ्यायची. बीएस-४ साठी के व्हॅल्यू १.६२ च्या आत आणि बीएस-६ साठी ०.७ च्या आत आली की प्रमाणपत्र हातात. या तपासणीत नॉक्स मोजलाच जात नाही. इंजिनावर भार नसतो, त्यामुळे ज्या स्थितीत नॉक्स तयार होतो ती स्थितीही येत नाही. परिणाम असा की ईजीआरला पत्रा लावलेली, नॉक्स भरभरून सोडणारी गाडी कमी धुरामुळे पीयूसीत सहज पास होते. ईजीआर नियमाप्रमाणे दुरुस्त केलेल्या जुन्या गाडीला मात्र इनटेकमधल्या काजळीमुळे काठावर पास व्हावे लागते. प्रामाणिक काम करणाऱ्या गॅरेजला ॲव्हरेजमध्येही बोल लागतो आणि पीयूसीतही. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे उत्सर्जन प्रत्यक्ष रस्त्यावर मोजण्याची अट आली. तीच गाडी वापरात आल्यावर मात्र पीयूसी केंद्रावर जुनाच स्मोक मीटर तिची वाट पाहतो. ओबीडीचा सॉकेट प्रत्येक नव्या गाडीत आहे, पण पीयूसीच्या वेळी तो कोणी उघडत नाही. त्यात दोन मिनिटे स्कॅनर लावला तर ईजीआर आणि डीपीएफचे बरेचसे फॉल्ट तिथेच दिसतील. परिवहन खात्याने हे न करण्याचे एकही समर्थनीय कारण नाही.

रिकॉलच्या कायद्यातही उणीव आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले आणि एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. पर्यावरणाला घातक दोषासाठी गाडी परत बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि उत्पादकाला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद झाली. पण ही व्यवस्था सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे. २०१५ मध्ये परत बोलावलेल्या ईए-१८९ च्या सगळ्या गाड्या त्याबाहेर गेल्या आहेत. शिवाय दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर ॲव्हरेज किती, हे लेखी देण्याची सक्ती कोणावर नाही. दुरुस्ती झाली एवढा शिक्का पुरतो.

कायद्याकडे बोट दाखवताना गॅरेजांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. ईजीआर बंद करणे, डीपीएफ पोकळ करून सॉफ्टवेअरमध्ये त्याचा कोड मिटवणे हे काम कल्याण-शिळ रस्त्यावर आणि घोडबंदरला राजरोस चालते. कलम १८२-अ खाली गाडीत बेकायदा फेरफार केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. गिऱ्हाइकाला या जोखमीत ढकलणारा मेकॅनिक त्याचा हितचिंतक नव्हे. नॉक्सची झळ बसते ती तीन हात नाका आणि पत्रीपुलाच्या कोंडीत उभ्या असलेल्या माणसांना, आणि त्यांत मेकॅनिकची मुलेही असतात.

घट खरी आहे का, हे तपासण्याची पद्धत सोपी आहे, पण ती शिस्तीने पाळावी लागते. डिस्प्लेवरचे ॲव्हरेज पुरावा म्हणून घेऊ नये. तो आकडा ईसीयू इंजेक्शनच्या हिशेबातून काढते. सॉफ्टवेअर बदलले की तो हिशेबही बदलू शकतो. टाकी फुल करून मोजावे: एकच पंप, शक्यतो तेच नोझल, पहिल्या कटऑफला थांबणे, टायरची हवा सारखी. २५ लिटरच्या एका भरण्यात एक लिटरची चूक झाली तर चार टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे मोजायच्या घटीचा अर्धा भाग. सलग तीन टाक्या मिळून ७५ लिटरचा हिशेब केला की तीच चूक दीड टक्क्याच्या आत येते.

घट निघाली तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी बाकीचे पाहावे. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन गरम होत नाही, डिझेल जास्त जाते आणि डीपीएफचे रिजनरेशनही होत नाही. नवा ईजीआर बसवून अडॅप्टेशन न करणे, इंजेक्टरचे कोड चुकणे, टर्बोच्या पाइपची गळती, मळलेला एअर मास सेन्सर ही नेहमीची कारणे आहेत. स्कॅनरवर हवेचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी ठेवला की यांतली बरीच उघडी पडतात. बीएस-६ गाडीचा वापर मानपाड्याहून डोंबिवली स्टेशन एवढाच असेल, तर कितीही चांगली दुरुस्ती टिकणार नाही. रिजनरेशनला सलग पंधरा-वीस मिनिटे साठच्या पुढची गती लागते. ती शिळ रस्त्यावर मिळत नाही. अशा गाडीवाल्याला महिन्यातून दोनदा भिवंडी बायपास ओलांडून पडघा-शहापूरच्या दिशेने गाडी काढायला सांगावे, आणि ते जॉबकार्डावर लिहून द्यावे.

प्रत्येक गॅरेजने या महिन्यापासून उत्सर्जनाच्या कामाच्या जॉबकार्डात पाच नोंदी सुरू कराव्यात: दुरुस्तीआधीचे फुल टाकी ॲव्हरेज, स्कॅन रिपोर्ट, केलेले काम आणि अडॅप्टेशन, के व्हॅल्यू, आणि तीन टाक्यांनंतरचे ॲव्हरेज. काम घेतानाच घट किती होऊ शकते हे गिऱ्हाइकाला सांगून त्याची सही घ्यावी. ठाणे आणि कल्याणच्या गॅरेज संघटनांनी या नोंदी सहा महिने एकत्र कराव्यात आणि दोन्ही आरटीओंमार्फत परिवहन आयुक्तांकडे दोन मागण्यांसह पाठवाव्यात: डिझेलच्या पीयूसीत ओबीडी स्कॅन सक्तीचा करावा, आणि उत्सर्जनासाठीच्या प्रत्येक रिकॉलमध्ये आधीचे आणि नंतरचे ॲव्हरेज उत्पादकाने लेखी द्यावे.