उपनगरातला सहा महिन्यांचा विद्यार्थी



विरार, नालासोपारा, नायगावच्या शाळांत मुलं ‘माझे उपनगर’ हा निबंध लिहितात, तेव्हा त्यात काय असतं? स्टेशन, सोसायटी, बाग, मुंबईला जाणारी लोकल. पण त्याच उपनगरात राहणारं एक मूल त्यात कुठंच नसतं. ते आमच्या जव्हार-मोखाड्याचं.

आमच्याकडची शेती पावसावरची. भात, नागली, वरई घरात आली की हाताला काम उरत नाही. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं बिऱ्हाड बांधून निघतात. कोणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर. होळीला चार दिवस घरी येतात, पुन्हा जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. आजी-आजोबा घरी असतील तर मुलं मागे राहतात. हंगामी वसतिगृहाची योजनाही आहे. तरीही धाकटं भावंड सांभाळायला थोरल्या मुलीला बरोबर नेतातच.

मोखाडा आणि विरार एकाच पालघर जिल्ह्यात. तरी तिथल्या शाळेच्या दारात ही मुलगी परकी ठरते. ‘दाखला आण’ म्हटलं की आईबाप गप्प होतात आणि ती भट्टीवरच राहते.

शिक्षण हक्क कायदा २००९ इथं स्पष्ट आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही (कलम ५). वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही (कलम १४). स्थलांतरित मुलांचा प्रवेश पाहणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे (कलम ९).

तुम्ही म्हणाल, चार-पाच महिन्यांसाठी मूल घेऊन काय साधणार? हिशोब करून बघा. पहिली ते चौथी दरवर्षी पाच महिने बुडाले तर वीस महिने होतात. म्हणजे शाळेची जवळपास दोन वर्षं! मग पाचवीत ‘हिला वाचता येत नाही’ म्हणून दोष कोणाला द्यायचा?

करायचं काय? आम्ही इकडच्या शिक्षकांनी दिवाळीच्या सुट्टीआधीच पालकांच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यावं. मूल कुठवर वाचतं, कुठवर गणित करतं तेही लिहून द्यावं. तिकडच्या शिक्षकांनी सुट्टीनंतर एकदा भट्टीवर, बांधकामावर चक्कर मारावी. आणि पालकहो, तुमच्या शेजारी नवी इमारत उभी राहत असेल, तर तिथल्या मुलांची चौकशी करा. शाळेत जात नसतील तर जवळच्या सरकारी शाळेत जाऊन तेवढं सांगा. यात पैसा लागत नाही.

ज्या उपनगरात आपण राहतो, त्याच्या विटा या मुलांच्या आईबापांनी थापल्यात. त्यांच्या लेकरांना तिथल्या वर्गात बसायला जागा मिळावी, एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी ‘माझे उपनगर’ निबंध द्याल, तेव्हा तो त्यांच्याकडूनही लिहून घ्या.