पाठलाग करणारा आवाज

वृत्तपत्राच्या कचेरीतील टपालात अधूनमधून एक निराळ्या जातीचे पत्र येते. अक्षर सुवाच्य असते, भाषा सुशिक्षिताची असते आणि मजकूर दहाबारा पानांचा असतो. तक्रार अशी की, सायंकाळच्या बातम्या वाचणारा निवेदक आदल्या रात्री आपल्या घरात झालेले बोलणे आडवळणाने साऱ्या शहराला ऐकवतो. वाहिनीच्या माणसांनी शेजाऱ्यांना फितवले आहे. तेव्हा संपादकांनी हे कारस्थान चव्हाट्यावर आणावे. असे पत्र वाचून हसणे फार सोपे आहे. परंतु ते लिहिणाऱ्याच्या डोळ्याला कित्येक रात्री डोळा लागलेला नाही, हे ध्यानात आले म्हणजे हसू मावळते.

ह्या भ्रमाचे कूळ जुने आहे. केवळ त्याचा वेष काळानुसार बदलतो. लंडनच्या बेथलेम रुग्णालयात कोंडलेला जेम्स टिली मॅथ्यूज हा चहाचा व्यापारी सांगत असे की, एक टोळी वायूवर चालणाऱ्या मागाने आपल्या मनात विचार विणते. जॉन हॅस्लम ह्या वैद्याने १८१० साली त्याच्यावर एक ग्रंथच लिहिला. व्हिएन्नाच्या व्हिक्टर टाउस्कने १९१९ मध्ये अशा 'प्रभाव पाडणाऱ्या यंत्रा'ची मीमांसा केली. पुढे १९९८ साली 'द ट्रूमन शो' हा चित्रपट आला, आणि आपले सारे आयुष्य म्हणजे छुपे चित्रीकरण आहे असे मानणारे रुग्ण न्यूयॉर्कमधील मनोविकारतज्ज्ञांना आढळू लागले. आमच्याकडे पूर्वी करणी होती, मूठ होती, मुंजा होता. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी नभोवाणी केंद्र सुरू झाले, २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन आले, आणि आता भ्रमणध्वनी उशाशी असतो. आजार तोच राहतो. छळणारा तेवढा नवा येतो.

मग निवेदकच का? निवेदक सर्वांशी बोलतो, तरी ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटते की तो आपल्याशीच बोलतो आहे. त्याच्या व्यवसायाचे कौशल्यच ते. निरोगी मन ह्या आभासाला मर्यादा घालते. आजारी मनात मात्र क्षुल्लक गोष्टींनाही भलताच अर्थ चिकटू लागतो. लाल साडी, खाकरणे, एखादा शब्द दोनदा उच्चारणे, ह्यांतले काहीच सहज घडलेले वाटेनासे होते. सभोवती अर्थ दाटून आला की त्याला एक कर्ता हवा असतो. आणि घरोघर शिरणाऱ्या अनोळखी आवाजाइतका सोयीचा कर्ता दुसरा कोणता?

येथे एक आक्षेप निघेल व तो रास्त आहे. पाळत ही नेहमीच कल्पनेतली नसते! ह्याच शहरात, गिरगाव-चौपाटीच्या परिसरात, २७ ऑगस्ट १९४२ पासून उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. पोलीस आपले शब्द ऐकत आहेत आणि आपला माग काढीत आहेत, असे त्यांना वाटे. आणि ते अक्षरशः खरे होते. पोलीस त्यांची भाषणे उतरवून घेत होते, आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी त्यांनी केंद्र पकडले. स्वातंत्र्यानंतरही संशयाला जागा उरलीच नाही असे नव्हे. २०२१ साली पेगासस प्रकरण निघाले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला तपासलेल्या २९ पैकी ५ दूरध्वनींत घातक आज्ञावली सापडली, पण ती पेगाससच असल्याचा निर्वाळा मिळाला नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही असे न्यायालयातच सांगण्यात आले. २०१७ मध्ये ज्या राज्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरला, त्या राज्यातील ही स्थिती!

तेव्हा, 'तुझ्यावर कोण कशाला पाळत ठेवील?' हा प्रश्न वाटतो तितका निरुत्तर करणारा नाही. भेद आहे तो संशयाच्या स्वभावात. उषाबाईंचा संशय पुराव्यावर वाढे आणि पुराव्याअभावी निवू शकला असता. भ्रमाला प्रत्येक पुरावा पोषकच ठरतो: निवेदक बोलला तर त्याने टोमणा मारला, गप्प बसला तर तो सावध झाला. म्हणून आमच्या मते खऱ्या पाळतीचा हिशेब सरकारकडे मागणे आणि भ्रमग्रस्ताला वैद्याकडे नेणे ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पाळावी लागतात. एकाच्या नावाने दुसरे टाळणाऱ्यांची संख्या मात्र दोन्ही बाजूंस मोठी आहे.

उपेक्षेचा शेवट कधीकधी भीषण होतो. १९८६ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर डॅन रादर ह्या वृत्तनिवेदकाला एका इसमाने 'लहरींची वारंवारता' विचारीत मारहाण केली. दूरचित्रवाणी कंपन्या आपल्या मेंदूत संदेश सोडतात असे तो मानी. १९९४ मध्ये त्याच इसमाने एनबीसीच्या एका निरपराध कामगाराला गोळी घालून ठार केले. परंतु हा अपवाद होय, आणि अपवादावरून सर्व रुग्णांना धोकादायक ठरविणे हा दुसरा अन्याय आहे. बहुसंख्य रुग्ण कोणालाही इजा करीत नाहीत. ते खोलीची खिडकी लावून घेतात, दूरदर्शन संचावर चादर टाकतात, नोकरी सोडतात आणि हळूहळू बोलेनासे होतात.

चाळीतल्या दोन खोल्यांत ही गोष्ट लपत नाही. तरी लग्नाच्या बहिणीसाठी, नोकरीसाठी, लोकलज्जेसाठी ती लपविली जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत अशा गंभीर आजाराचे सुमारे तीनचतुर्थांश रुग्ण उपचारांवाचून असल्याचे आढळले. वस्तुतः १९५२ पासून ह्या व्याधीवर औषधे आहेत, आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितका गुण अधिक. परळला के. ई. एम., मुंबई सेंट्रलला नायर, भायखळ्याला जे. जे.; मनोविकार विभाग ट्रामच्या जुन्या अंतरावर आहेत. घरच्यांनी वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. 'निवेदक काय म्हणतो ते मला ऐकू आले नाही. पण तुला झोप नाही हे मला दिसते आहे,' एवढे म्हटले तर झोपेच्या निमित्ताने रुग्ण दवाखान्यापर्यंत येण्याचा संभव असतो. १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारची दूरध्वनी सेवाही २०२२ पासून चालू आहे.

राहिला प्रश्न आमच्या व्यवसायाचा आणि पोलिसांचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २४ व्या कलमान्वये उपचार घेत असलेल्या रुग्णाचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करता येत नाही. तरीही 'माथेफिरू' हा शब्द मथळ्यांतून निवृत्त व्हायला तयार नाही. त्याच कायद्याचे १०० वे कलम पोलिसांना बजावते की, अशा अवस्थेत ताब्यात घेतलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यावे आणि कोठडीत कदापि ठेवू नये. 'वाहिनीवाले माझा पाठलाग करतात' अशी फिर्याद घेऊन कोणी गावदेवी, भोईवाडा किंवा काळाचौकी ठाण्याच्या पायऱ्या चढला, तर टेबलामागच्या अंमलदाराने त्याला बसण्यास खुर्ची द्यावी आणि नंतर कोणत्या रुग्णालयात कोणत्या डॉक्टरांना दूरध्वनी करावा, हे त्या टेबलावर लिहून ठेवलेले असावे. पोलीस आयुक्तांना हे एका परिपत्रकाने साधण्याजोगे आहे.