तात्पुरतेपणाची पाऊणशे वर्षे

बैरूतच्या दक्षिणेस शातिला येथे १९४९ साली आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी तंबू ठोकले; आज त्या जागी तंबू नाहीत, परंतु छावणीची हद्द वाढविण्यास मुभा नसल्यामुळे पुढच्या पिढ्यांनी जुन्या भिंतींवर मजल्यामागून मजले चढविले आणि गल्ल्या इतक्या चिंचोळ्या झाल्या, की भर दुपारीही उन्हाची तिरीप जमिनीला लागत नाही. डोक्यावर विजेच्या उघड्या तारा आणि पाण्याच्या नळ्या परस्परांत गुंतलेल्या असतात. हिवाळी पावसात त्यांतून ठिबकणाऱ्या पाण्यानेच विजेचा धक्का बसून तेथे माणसे दगावली आहेत. नळाचे पाणी खारट, म्हणून पिण्याचे पाणी विकत घ्यावयाचे.

शाळा, दवाखाने व कचऱ्याची उचल ही कामे संयुक्त राष्ट्रसंघाची ‘उन्रवा’ ही संस्था करते. तिला डिसेंबर १९४९ च्या ठरावाने जी सनद मिळाली तिची मुदत वारंवार वाढवून घ्यावी लागते, आणि तिचा बहुतेक खर्च राष्ट्रांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो. म्हणूनच जानेवारी २०२४ मध्ये अनेक राष्ट्रांनी निधी रोखताच रुग्णाच्या औषधापासून शिक्षकाच्या पगारापर्यंत सारेच टांगणीला लागले.

तथापि ही दैन्यावस्था केवळ द्रव्याभावाची नव्हे, ती कायद्याने निर्माण केलेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. लेबनॉनमध्ये जन्मलेला, तेथेच शिकलेला पॅलेस्टिनी तरुण डॉक्टर वा वकील म्हणून त्या देशात रीतसर व्यवसाय करू शकत नाही. आणि २००१ च्या कायद्याने घराचे खरेदीखत त्याच्या नावे होणेही बंद झाले. हे हक्क दिल्यास निर्वासित तेथेच स्थायिक होतील, मायदेशी परतण्याचा त्यांचा दावा दुबळा होईल आणि देशातील पंथांचा समतोल ढळेल, असा युक्तिवाद केला जातो. लेबनॉनसारख्या लहान राष्ट्राने फार मोठा भार वाहिला आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु शेजारच्या सीरियाने १९५६ सालीच नागरिकत्व न देता नोकरी, व्यापार व शिक्षण यांत पॅलेस्टिनींना जवळजवळ स्वदेशीयांच्या बरोबरीने वागविण्याचा कायदा केला, आणि त्यामुळे तेथील कोणाचाही परतीचा दावा रद्द झाला नाही.

भारत गेली काही वर्षे ‘उन्रवा’ला दरसाल ५० लाख डॉलर देत आला आहे. ते द्यावेतच, पण त्याबरोबर, व्यवसायाची मनाई उठवावी आणि घर नावावर करू द्यावे, हा आग्रह आपल्या प्रतिनिधींनी बैरूतच्या सरकारदरबारी उघडपणे धरावा.