पावसातला शीळकरी

पावसाळ्यात आंबोलीला किंवा माथेरानला मुक्कामी असलेल्यांना उजाडण्याआधीच शीळ ऐकू येते. माणसानेच घातली असावी इतकी मोकळी, वळणदार. गाणारा असतो शीळकरी कस्तूर.

लांबी जेमतेम २५ सेंटिमीटर. लांबून काळाच भासतो. ऊन पडले की कपाळ आणि खांदे गर्द निळे चमकतात. ओढ्याकाठी तो किडे, गोगलगायी, बेडूक टिपतो. खेकडे तर दगडावर आपटून खातो. वीणही भर पावसातच! धबधब्यालगतच्या कपारीत, क्वचित घराच्या वळचणीला, मुळ्या आणि शेवाळाचे घरटे.

१८३१ साली शास्त्रीय नाव मिळालेला हा पक्षी जनुकीय अभ्यासानंतर आता माशीमारांच्या कुळात गणला जातो.

त्याला वाहते ओढे लागतात. सह्याद्रीत ते बुजवून बांधकामे उभारणे थांबलेच पाहिजे.